दहा डॉलरची पैज

गेल्या पावसाळ्यात आमच्या अभ्यासवर्गात भांडण झालं. मारामारी नाही, पण शब्द असे गेले की दोन रविवार कुणी कुणाला नीट जय भीम घातला नाही. कारण काय, तर आमच्यातल्या एका दोस्ताला परदेशात मानवी हक्कांचा कायदा शिकायला प्रवेश मिळाला. राजर्षी शाहू महाराजांच्या नावाने सरकारची परदेश शिष्यवृत्ती आहे, तिच्यासाठी त्याची धावपळ चालली होती. शिकून झाल्यावर काही वर्षं तिकडंच याच कामात राहायचं, असं तो बोलून गेला आणि पेटलं.

‘‘चालला गडी. आता तिथं बसून आपल्या दुःखावर रिपोर्ट लिहील आणि पगार डॉलरात घेईल.’’

‘‘कायदा शिकून काय उपटणार? खैरलांजीला कायदा नव्हता काय?’’

सगळ्यात वाईट मी बोललो. म्हणालो, हक्क शिकायला विमानात कशाला बसतोस, आमच्या सूतगिरणीत तिसऱ्या पाळीला ये, साच्यापुढं आठ तास उभा रहा, सगळे हक्क एका रात्रीत पाठ होतील. पोरं हसली. तो हसला नाही. निघताना त्यानं पिशवीतून एक जाड इंग्रजी पुस्तक काढून माझ्या हातात दिलं. ‘‘हे वाच. मग शिव्या दे.’’

पॉली मरे नावाच्या काळ्या अमेरिकन बाईचं ते आत्मचरित्र. बाई १९८५ साली वारली, पुस्तक १९८७ साली निघालं. मी दहावी नापास. इंग्रजीत मी डिक्शनरीची काठी टेकत चालतो. पाळी सुटल्यावर, अंगाला चिकटलेली रुई झाडून, रोज चार-पाच पानं. मग तिच्याविषयी आणखी मिळालं तेही वाचलं. दोस्तांनो, आपल्याला ब्लॅक पँथर ठाऊक आहेत; १९७२ साली मुंबईत दलित पँथर उभी राहिली ती त्यांचंच नाव घेऊन. मार्टिन ल्यूथर किंगचा फोटो आपल्या कार्यक्रमात असतो. ही बाई आपल्या एकाही भिंतीवर नाही. तेव्हा तिचा हा इतिहास.

जन्म १९१० सालचा, बाल्टिमोर शहरातला. आई लहानपणीच गेली. बाप मास्तर होता, आजाराने त्याचं डोकं फिरलं, त्याला वेड्यांच्या इस्पितळात टाकलं आणि तिथल्या एका गोऱ्या पहारेकऱ्याने १९२३ साली त्याला मारून टाकलं. पोर वाढली नॉर्थ कॅरोलायनातल्या डरहॅम गावात, मावशी आणि आजी-आजोबांकडं. आजी गुलामीत जन्मलेली. पणजी स्मिथ नावाच्या गोऱ्या जमीनदार घराण्याची गुलाम होती. त्या घरातल्या मुलाने तिच्यावर बळजोरी केली आणि त्यातून आजी झाली. आता पुढचं ऐका. त्याच स्मिथ घराण्याची जमीन मृत्युपत्राने नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठाला गेली. १९३८ साली पॉलीने त्या विद्यापीठात पुढच्या शिक्षणासाठी अर्ज केला, तेव्हा उत्तर आलं की तुमच्या वंशाच्या लोकांना इथं प्रवेश नाही. पणजीचं शरीर चालतं, पणजीच्या घामाने पिकलेली जमीन चालते, पणतीचा अर्ज चालत नाही. हे आपल्याला समजावून सांगायला लागत नाही. विहीर खणायला आपले हात आणि पाणी भरायला त्यांचे हांडे.

काळ्यांच्या हक्कासाठी लढणाऱ्या मोठ्या संघटनेने तिची केस घेतली नाही. ती तोवर न्यूयॉर्कची रहिवासी झाली होती, केस कच्ची ठरली असती. पॉलीला राग आला. मला वाचताना संघटनेचाही राग आला नाही आणि पॉलीचाही नाही. चळवळीत असे दिवस येतातच.

मार्च १९४० मध्ये ती एका मैत्रिणीबरोबर बसने दक्षिणेत चालली होती. व्हर्जिनियातल्या पीटर्सबर्ग गावी ड्रायव्हर म्हणाला मागं जा. मागची सीट मोडकी होती. दोघी उठल्या नाहीत. अटक झाली. रोझा पार्क्सच्या आधी पंधरा वर्षं ही गोष्ट. पॉलीने तेव्हा कृष्णलाल श्रीधराणी यांचं सत्याग्रहावरचं इंग्रजी पुस्तक वाचलं होतं, त्याप्रमाणं कोठडीत तिनं सगळं लिहून ठेवलं, जेलरला शांतपणे अर्ज दिले. म्हणजे सत्याग्रह हा शब्द तिच्यापर्यंत गांधींच्या वाटेनं गेला. त्याच्या तेरा वर्षं आधी, त्याच मार्च महिन्यात, महाडला बाबासाहेबांनी ओंजळभर पाणी उचललं होतं. हे मी भांडायला म्हणून लिहीत नाही. नोंद असावी.

कोर्टात काय झालं ते महत्त्वाचं. बसमधल्या वेगळ्या बसण्याच्या कायद्यावर लढू, असं दोघींच्या वकिलांनी ठरवलं होतं. न्यायाधीशाने ते कलमच बाजूला ठेवलं आणि गोंधळ घातला म्हणून दंड केला. आता भेदभावाच्या कायद्याला आव्हान देणार कसं? तो तर लावलाच नाही! आपल्याकडं गावात मार पडल्यावर फिर्याद द्यायला गेलं की अॅट्रॉसिटीचं कलम गायब आणि ‘किरकोळ भांडण’ शिल्लक, हा अनुभव किती जणांना आहे, हात वर करा. पॉली तिथं शिकली की अन्याय नुसता कायद्यात नसतो, कुठलं कलम लावलं नाही त्यातही असतो.

त्यानंतर ओडेल वॉलरचं प्रकरण. अर्धेलीने जमीन कसणारा काळा पोरगा. गव्हाच्या वाट्यावरून भांडण झालं आणि गोरा मालक गोळी लागून मेला. ज्युरीत बसायचं तर मतदानाचा कर भरलेला पाहिजे, आणि तो कर भरणं गरिबाच्या आवाक्यात नव्हतं. म्हणजे कुळाचा न्याय जमीनदारांच्या बिरादरीकडं. पॉलीने गावोगाव फिरून त्याच्या अपिलासाठी पैसे जमवले. याच फिरतीत काळ्या वकिलांची गाठ पडली आणि हॉवर्ड विद्यापीठातल्या एका प्राध्यापकाने सांगितलं, कायदा शिकायला ये, शिष्यवृत्ती देतो. १९४१ साली ती गेली. २ जुलै १९४२ ला वॉलरला खुर्चीत बसवून विजेने मारलं. म्हणजे ती कायदा शिकत असतानाच, ज्याच्यासाठी शिकायला आली तो गेला. मी इथं पुस्तक मिटलं आणि त्या दिवशी पुढं वाचलं नाही.

हॉवर्ड हे काळ्यांचं विद्यापीठ, देशातले सगळ्यात जहाल काळे वकील तिथं घडायचे. आणि पहिल्याच दिवशी वर्गात एक प्राध्यापक म्हणाला, बायका इथं कशाला येतात कळत नाही, आता आल्याच आहेत तर सहन करू. सगळे पुरुष हसले. वर्गात बाई एकटी तीच. काळ्यांना वेगळं ठेवण्याच्या पद्धतीला अमेरिकेत ‘जिम क्रो’ म्हणत. पॉलीने बाईच्या वाट्याला येणाऱ्या या पद्धतीला नाव ठेवलं ‘जेन क्रो’. आपल्या अभ्यासवर्गात बायका किती येतात आणि आल्या तर चहा कोण करतं, हा प्रश्न मी फक्त लिहून ठेवतो. उत्तर मलाच द्यायचंय. (तिचं स्वतःचं स्त्री-पुरुषपण दिलेल्या चौकटीत बसत नव्हतं, त्यासाठी तिने तरुणपणी डॉक्टरांचे उंबरे झिजवले. आज काहीजण तिच्याविषयी लिहिताना ‘ती’ म्हणत नाहीत. ती जाहीरपणे बाई म्हणून लढली, म्हणून मी ‘ती’ ठेवलं आहे.)

वर्गात शिकायचं आणि बाहेर करायचं, दोन्ही एकाच वेळी. १९४३ आणि १९४४ साली हॉवर्डच्या पोरापोरींनी वॉशिंग्टनमधल्या गोऱ्यांच्या खाणावळीत जाऊन टेबलं धरली. वाढत नाहीत तर रिकामं ताट घेऊन बसायचं, पुस्तक वाचत. पॉली त्यांची कायद्याची सल्लागार. खाणावळी वाकल्या. पण विद्यापीठाच्या वरिष्ठांनीच सांगितलं, थांबवा, सरकारी अनुदान जाईल. अनुदानाची भीती तिकडंही तशीच.

आता पैज. काळ्या वकिलांची तेव्हाची पद्धत अशी होती: १८९६ च्या प्लेसी निकालाने ‘वेगळं पण समान’ हा नियम घालून दिला होता. वकील ‘समान’ या शब्दाला धरून भांडत. काळ्यांची शाळा वेगळी आहे ना, मग तिला गोऱ्यांच्या शाळेइतका पैसा द्या. पॉलीने शेवटच्या वर्षी वर्गात म्हटलं, ‘समान’ सोडा, ‘वेगळं’ या शब्दालाच हात घाला. माणसाला वेगळं बसवणं हाच त्याला खालचा ठरवण्याचा मार्ग आहे, आणि गुलामी संपवणाऱ्या घटनादुरुस्त्यांना ते मंजूर नाही. पोरं पुन्हा हसली. तिने प्राध्यापक स्पॉट्सवुड रॉबिन्सन यांच्याशी दहा डॉलरची पैज लावली की पंचवीस वर्षांत प्लेसी पडेल. आणि तो मुद्दा निबंध म्हणून लिहून दिला.

दहाच वर्षं लागली. १७ मे १९५४, ब्राउन निकाल: शिक्षणात वेगळं ठेवणं म्हणजेच असमान. त्या खटल्याच्या तयारीत रॉबिन्सन होते आणि त्यांनी पॉलीचा जुना निबंध काढून सहकाऱ्यांपुढं ठेवला होता. हे पॉलीला कळलं १९६३ साली! नऊ वर्षं तिला माहीतच नव्हतं. दोस्तांनो, आपल्या बायकांनी किती निबंध लिहिले असतील आणि ते कुणाच्या पिशवीतून निघाले असतील?

इथं महाड पुन्हा आठवतं. चवदार तळ्याचा दावा मुंबई हायकोर्टात १९३७ साली बाबासाहेबांच्या बाजूने सुटला. पण कशावर? तळ्यावर अस्पृश्यांना बंदी असण्याची रूढी अनादि काळापासून आहे, हे सवर्णांना सिद्ध करता आलं नाही, म्हणून. माणसाला पाण्यापासून वेगळं ठेवणं हाच गुन्हा, असं कोर्ट म्हणालं नाही. ते म्हणायला घटनेचं सतरावं कलम यावं लागलं. जिंकलेल्या निकालातही बघायचं असतं की कोर्टाने कुठल्या शब्दाला हात लावला आणि कुठल्या शब्दाला वळसा घातला. हे बघायला कायदा शिकावा लागतो. घोषणा देऊन हे दिसत नाही. मी घोषणा देणारा माणूस आहे म्हणून सांगतो.

वर्गात पहिली आली तरी हार्वर्डने तिला पुढच्या शिक्षणाला घेतलं नाही; बाई म्हणून. राष्ट्राध्यक्ष रूझवेल्टचं पत्रही चाललं नाही. तिने कळवलं की लिंग बदलून यायला माझी हरकत नाही, पण तसं करण्याची वाट अजून मला कुणी दाखवली नाही! मग बर्कलेला जाऊन १९४५ साली पदवी घेतली. १९५१ साली तिचं ७४६ पानांचं पुस्तक निघालं, वंश आणि रंगाविषयी एकेका राज्यात कुठकुठला कायदा आहे त्याची जंत्री. मेथडिस्ट बायकांच्या संघटनेने ते करून घेतलं. नुसती जंत्री, पण ती काळ्या वकिलांच्या हातातलं बायबल झाली. असलं बैलासारखं काम कुणीतरी करावंच लागतं. कविताही ती लिहायची. तिचा ‘डार्क टेस्टामेंट’ हा संग्रह १९७० साली निघाला. म्हणजे कवी असून याद्या केल्या. आम्ही कवी यादीला नाक मुरडतो.

मानवी हक्क हा शब्द त्याच काळात जगभर बोलला जाऊ लागला. १९४६ साली काळ्यांच्या एका संघटनेने संयुक्त राष्ट्रांकडे अर्ज केला, ते वाचून बाबासाहेबांनी डब्ल्यू. ई. बी. डू बॉईस यांना पत्र लिहून त्या अर्जाच्या प्रती मागितल्या. अस्पृश्यांनीही तसंच करावं, हा विचार त्यांच्या मनात होता. डू बॉईसनी उत्तर दिलं. पुढच्या वर्षी डू बॉईसनी स्वतः मोठा अर्ज नेला, पण मानवी हक्क आयोगाने ठरवलं की तक्रारींवर काही करण्याचा आम्हाला अधिकारच नाही. त्या आयोगाच्या अध्यक्ष एलिनॉर रूझवेल्ट, पॉलीच्या जुन्या स्नेही. आपल्या हंसा मेहता त्याच आयोगावर होत्या. १९४८ च्या जाहीरनाम्यात ‘सर्व पुरुष’ असा अर्थ निघणारा शब्द जाऊन ‘सर्व माणसं’ आलं ते त्यांच्या आग्रहाने. शब्द मिळाला. दार मिळालं नाही.

आणि आता परदेश. फेब्रुवारी १९६० मध्ये पॉली घानाला गेली, अक्राच्या कायदा विद्यालयात शिकवायला. घाना १९५७ साली स्वतंत्र झालेला. अमेरिकेतल्या काळ्यांना तो देश म्हणजे माहेर वाटायचा: काळा पंतप्रधान, काळा न्यायाधीश, काळा पोलीस. पॉलीही काही अंशी त्याच ओढीने गेली. तिथं तिला दोन गोष्टी कळल्या. एक, कातडीचा रंग तोच असला तरी तिथं ती परकीच, अमेरिकन. दुसरी गोष्ट जास्त कडू. १ जुलै १९६० ला घाना प्रजासत्ताक झाला, क्वामे एन्क्रुमा राष्ट्राध्यक्ष झाले. पण १९५८ पासूनच तिथं प्रतिबंधक स्थानबद्धतेचा कायदा होता. खटला न चालवता पाच वर्षं आत. विरोधी पक्षाची माणसं आत चालली होती आणि ही बाई पोरांना घटनेचा कायदा शिकवत होती. दक्षिण आफ्रिकेतून आलेले वकील लेस्ली रुबिन यांच्याबरोबर तिने घानाच्या घटनेवर पुस्तक लिहिलं, ते १९६१ साली निघालं. त्याच वर्षी ती परतली. मोकळेपणाने शिकवण्याजोगी हवा तिथं उरली नव्हती.

ती गेली आणि ऑगस्ट १९६१ मध्ये अकोटो खटल्याचा निकाल लागला. आठ स्थानबद्धांसाठी वकील उभे होते जे. बी. डांक्वा. त्यांचं म्हणणं साधं: घटनेच्या तेराव्या कलमात राष्ट्राध्यक्ष शपथेवर सांगतो की कुणाचं भाषणस्वातंत्र्य जाणार नाही, कुणाशी भेदभाव होणार नाही, मग हा कायदा घटनेविरुद्ध आहे. सुप्रीम कोर्ट म्हणालं, ते कलम म्हणजे राणीच्या राज्याभिषेकातल्या शपथेसारखं. नैतिक बंधन, कायद्याचं नाही. पटत नसेल तर मतपेटीतून बोला. डांक्वांना पुढं दोनदा पकडलं, ४ फेब्रुवारी १९६५ ला ते न्सावामच्या तुरुंगात वारले. ज्या सरन्यायाधीशांच्या कोर्टाने हा निकाल दिला, त्या कोर्साहांच्या कोर्टाने १९६३ साली एका राजद्रोहाच्या खटल्यात आरोपींना सोडलं, तर एन्क्रुमांनी त्यांनाच घरी पाठवलं. दुसऱ्याचं दार ज्यांनी लावलं, त्यांच्यावरही तेच दार लागलं.

एन्क्रुमा साम्राज्यशाहीविरुद्ध लढलेला मोठा माणूस, आणि त्याच्यावर बाहेरून डाव टाकले जात होते हेही खरं. मला त्याला शिव्या द्यायच्या नाहीत. पण आपला माणूस खुर्चीत बसला की झालं, असं मानणाऱ्या प्रत्येकाने घाना वाचावा. आपला आमदार, आपला कलेक्टर, आपला मंत्री. बरं वाटतं, मलाही वाटतं. पण त्या खुर्चीविरुद्ध तक्रार करायला दार आहे काय, हा प्रश्न खुर्चीत कोण बसलंय याने सुटत नाही.

बाबासाहेबांना हे ठाऊक होतं. ९ डिसेंबर १९४८ ला घटना समितीत ते म्हणाले की सगळ्या घटनेत कुठलं कलम महत्त्वाचं विचाराल तर हे: आजचं बत्तिसावं. हक्क मोडला तर थेट सुप्रीम कोर्टात जाण्याचा हक्क. त्याला त्यांनी घटनेचा आत्मा म्हटलं. घानाच्या तेराव्या कलमाला हेच बत्तिसावं नव्हतं. पण फुशारकी मारू नका. बिनाखटला आत टाकण्याचा कायदा आपण १९५० सालीच केला, आणि २८ एप्रिल १९७६ ला, आणीबाणीत, आपल्याच सुप्रीम कोर्टाने हे दार बंद करून दाखवलं. पाचांपैकी एकटे न्यायमूर्ती खन्ना विरुद्ध राहिले. तो निकाल चुकीचा होता हे म्हणायला २०१७ उजाडलं. आणि बाबासाहेबांच्याच घरचे जावई आनंद तेलतुंबडे १४ एप्रिल २०२० ला, जयंतीच्या दिवशी, आत गेले. जामिनावर बाहेर आले ते २६ नोव्हेंबर २०२२ ला, संविधान दिनी. तारखासुद्धा थट्टा करतात.

पॉली परतल्यावर येलला गेली, १९६५ साली तिथून कायद्याची डॉक्टरेट घेणारी पहिली काळी व्यक्ती झाली. त्याच वर्षी मेरी ईस्टवुडबरोबर ‘जेन क्रो’ वर लेख लिहिला: वंशाविरुद्ध जी दलील चालते ती बाईसाठीही चालली पाहिजे. १९७१ साली रूथ गिन्सबर्ग यांनी रीड खटल्यात हीच दिशा धरली आणि निवेदनावर पॉलीचंही नाव घातलं, तिनं त्या खटल्यात काम केलं नसताना. या वेळी नाव आलं. पुढं ती पाद्री झाली, त्यात मला रस नाही.

एक गोष्ट मात्र दोस्तासाठी. १९६५ साली संयुक्त राष्ट्रांत वंशभेदाविरुद्धचा करार तयार होत होता. वंश, रंग याबरोबर ‘जन्माने आलेला कुळवंश’ या अर्थाचा शब्द त्यात घाला, असं सुचवलं कुणी? भारताने! नंतर आपलंच सरकार म्हणत राहिलं की त्या शब्दात जात येत नाही. १९९६ साली त्या कराराच्या समितीने सरकारला सांगितलं की येते. २००१ साली डर्बनच्या परिषदेत आपले कार्यकर्ते जात जगापुढं मांडायला गेले, आणि २००२ साली समितीने सगळ्या देशांसाठी लिहून ठेवलं की त्या शब्दात जात धरली जाईल. सरकारने तरी मान्य केलं नाही. पण तो शब्द आता त्यांच्या गळ्यात आहे, त्यांनीच घातलेला. तो धरून बसायला तिथं कुणीतरी बसलेलं पाहिजे. डिक्शनरी घेऊन तिसऱ्या पाळीला हे मला जमणार नाही.

वर्गात मी उठून त्याला सगळ्यांसमोर म्हणालो, माझं चुकलं. तो म्हणाला, अर्धंच चुकलं. तिकडं जाऊन मी साहेब झालो तर सांगायला तू पाहिजेस.

परवा त्याच्याबरोबर उत्पन्नाच्या दाखल्यासाठी गेलो. पहिल्या खिडकीने दुसरीकडं पाठवलं, दुसरीने जेवणाची सुट्टी दाखवली, तिसऱ्या खिडकीतला बाबू आडनाव वाचून म्हणाला, तुमचं काय, सरकार जावई आहे. माझी मूठ वळली. त्यानं माझा हात दाबला, खिशातून वही काढली आणि वाक्य जसंच्या तसं लिहिलं. तारीख, वेळ, खिडकीचा नंबर. बाबू बघत राहिला. दाखला अजून मिळालेला नाही. उद्या माझी दुसरी पाळी आहे, सकाळ मोकळी. पुन्हा जाणार आहोत.